एक जून

पारोळ्याच्या नगरपालिकेत
जन्म आणि मृत्यूची खिडकी एकच.
माझ्यापुढची बाई सासऱ्यांचा दाखला न्यायला आलेली,
मी लेकीचा.
जाळीआडून भाऊसाहेबांनी दोघींना तेच विचारलं,
किती प्रती?
ती म्हणाली पाच, मी म्हणाले दोन.
मेल्यावर जास्त लागतात
हे मला तिथं कळलं.

हैदराबादचं तिकीट तुषारने तिकडूनच काढलं होतं.
मांडीवरच्या बाळाला जागा नसते,
पण पुरावा लागतो
की ते दोन वर्षांच्या आतलं आहे.
साडेतीन महिने.
मान अजून डुगडुगते,
टाळूवरची लवलव हाताला लागते,
स्वतःच्याच मुठीकडे बघते परक्यासारखी.
पण हे सगळं काही चालत नाही,
कागद चालतो.

दाखल्यावर शार्विका आलं.
आत्याने कानात सांगितलेलं शर्विका.
एक काना जास्त.
दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, पंधरा दिवस, साहेब रजेवर.
मी तशीच परत आले.
तिकिटावरचं नाव इंग्रजीत,
आणि इंग्रजीला काना कळत नाही,
म्हणून वाचलो.

निळ्या आधारसाठी अमळनेरला गेलो.
फोटोला डोळे उघडे पाहिजेत.
ती झोपलेली.
मागे पांढरी चादर धरून उभी नणंद,
मी तळव्याला गुदगुल्या करतेय,
सेंटरवालं पोरगं मोबाइलवर मांजर ओरडवतंय,
आणि रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्या
"ए माय, देख, इकडे देख" म्हणतायत.
अंगठा नको, बुबुळं नकोत,
बोटांवरच्या रेषा अजून ठरायच्यात म्हणे.
उघडले एकदाचे.
फोटोत ती अशी दिसते
जशी तिला कुणी कर्ज मागतंय.

दोन्ही कशाला, दाखल्यावर भागतं, मी म्हटलं.
ऱ्हाऊ दे, अण्णा म्हणाले.
अण्णांचं कागदावरचं नाव धुडकू.
आधीची दोन गेली,
म्हणून आईने तिसऱ्याला चिंधीचं नाव दिलं,
मरणाने यादी वाचली
तर हे नाव उचलू नये म्हणून.
जन्म कधीचा?
त्या सालले बोरीले पूर उना व्हता, इतकंच ठाऊक.
शाळेत घालताना मास्तरांनी वर बघितलं, खाली बघितलं,
लिहिलं एक जून.
त्यांच्या वर्गात एकोणीस पोरं एक जूनची.

जळगावचं विमानतळ आमच्या एसटी स्टँडपेक्षा लहान.
दारावरच्या जवानाने माझं आधार बघितलं,
माझ्याकडे बघितलं.
आधार माहेरचं, कल्याणी भटू निकम,
तिकीट सासरचं.
मी लग्नाचा दाखला काढला.
मग हिचा जन्माचा.
मग निळं.
पिशवीत दुपटी कमी, झेरॉक्स जास्त.
त्याने फोटो धरला तिच्या तोंडाशेजारी.
हीच का?
दीड महिन्यात गाल भरलेत,
जावळ काळं होतं ते भुरं झालंय,
आता मी काय सांगू?
तिने हात लांब केला
आणि दाखल्याचं टोक धरून
सरळ तोंडात घातलं.
जवान हसला नाही.
त्याने हळूच कागद सोडवला,
ओला कोपरा स्वतःच्या बाहीला पुसला,
आणि मान हलवली. जा.

आत गेल्यावर वळून बघितलं.
अण्णा बाहेर, काचेला लागून.
ते येणार नव्हते,
त्यांना कुणी काही मागितलं नव्हतं.
तरी बंडीच्या खिशातून त्यांनी
प्लॅस्टिकच्या पिशवीतलं आपलं आधार काढलं होतं
आणि काचेवर दाबून धरलं होतं,
आतल्यांना दिसेल असं,
धुडकू,
एक जून.